रिकाम्या पाइपावर लक्ष कशाला ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की जुन्या सहामजली बिल्डिंगला ड्राय रायझर आहे, म्हणजे आग लागली की बंबवाले खालून पाणी चढवतात तो उभा पाइप, एरवी आत पाणीच नसतं, मग मॉनिटरिंग कसलं करायचं. हेच आमच्या खजिनदार काकांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, "रिकाम्या पाइपाला काय राखणदार बसवायचाय?" आणि सगळे खो खो हसले. म्हणून लिहायला बसलो.

आम्ही रत्नागिरीत, गॅलरीतून समुद्र दिसतो, म्हणजे ग्रिलची दोन पावसाळ्यांत सालपटं निघतात. मी तेव्हा सेक्रेटरी. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो, तो आमचाही वेळेवर जायचा, फक्त तपासणीच्या एजन्सीचा माणूस जिना चढायचा नाही, खालीच चहा पिऊन सही करायचा.

ऑक्टोबरात मी हट्टाने पाइपात पाणी भरायला लावलं. गेटजवळच्या इनलेटचं, म्हणजे बंबवाले पाणी भरतात त्या तोंडाचं झाकण काढलं तर तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, ते स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. पंप लावला, दाबाचा काटा जेमतेम हलतोय तोच वरून बोंबाबोंब! पाचव्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह (बंबवाले होज जोडतात तो) रंगाऱ्याने चाक फिरवून फिरवून रंगवलेला आणि तसाच उघडा सोडलेला, काकांच्या दारातल्या चपला जिन्यावरून तरंगत खाली. व्हॉल्व्ह बंद करून परत दाब दिला तर तिसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये क्लॅम्पच्या मागून चिळकांडी, ब्रश कधी पोचतच नाही अशी ती जागा, नखाने टोकरलं तर पापुद्रे निघत होते. यावर काका काय म्हणाले असतील? "पाणी भरलंत म्हणून गळला, नायतर चांगला होता की."

काका, रिकामा पाइप टिकतो हा तुमचा गैरसमज. भरलेल्या पाइपात पाण्यातला ऑक्सिजन संपला की गंज मंदावतो, इथे टेस्टनंतर निचरा नीट केला नाही तर थोडं पाणी खाली साचतं, वर हवा मोकळी, गंजाला अजून काय पाहिजे. आणि पाणी नसल्यामुळे गळतंय हे कळतही नाही, कळणार ते आग लागून बंबवाले पाणी चढवतील तेव्हाच.

तर मॉनिटरिंग म्हणजे काय, पाइपात कमी दाबाने हवा भरून ठेवतात आणि प्रेशर स्विच फायर अलार्मच्या पॅनलला जोडतात, कुणी व्हॉल्व्ह उघडला किंवा भोक पडलं की दाब उतरतो आणि पॅनलवर दिसतं. तो आगीचा अलार्म नाही, नुसती बिघाडाची सूचना. तोच राखणदार! अमेरिकेत याचा आग्रह धरतात. ब्रिटिश पद्धतीत दर सहा महिन्यांनी नजर आणि वर्षातून एकदा १२ बार दाबाला किमान १५ मिनिटं पाण्याची टेस्ट. माझं मत विचाराल तर तुमच्या बिल्डिंगला हवेच्या आधी ही पाण्याची टेस्ट करा, गंजलेल्या पाइपात हवा भरून काय उपयोग. एजन्सीवाल्याला सहाव्या मजल्यापर्यंत चढवा आणि शेवटी ड्रेन उघडून पाणी पूर्ण काढा.

हां, एक राहिलं, गॅरेजचा कॉम्प्रेसर आणून स्वतः जास्त दाब देऊ नका, दाबलेली हवा पाण्यासारखी गळत नाही, पाइप फोडते. तुमच्याकडे काय बंधनकारक आहे ते लोकल फायर ऑफिसात लेखी विचारा, माझं उत्तर दाखवून भांडू नका.

आणि टेस्टच्या दिवशी सगळ्यांना चपला आत घ्यायला सांगा, मी अजून त्या एका जोडाचे पैसे दिलेले नाहीत आणि देणारही नाही.