बे विंडोला आतून लाकडी शटर करायची आहेत, माप कसं घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की नागाळा पार्कातल्या जुन्या बंगल्याच्या हॉलला तीन बाजूंची बे विंडो, म्हणजे भिंतीच्या बाहेर आलेली खिडकी आहे, पडदे काढून तिथे आतून हलत्या पट्ट्यांची लाकडी शटर करायची आहेत, आणि मिस्त्रींनी फोनवर "तिन्ही खिडक्यांची उंची-रुंदी पाठवा" एवढंच सांगितलंय. मी कोल्हापुरात इंटिरियरची कामं करते, त्यामुळे स्पष्टच सांगते: ती सहा मापं पाठवू नका. मिस्त्रींचं चुकलं असं नाही, सरळ भिंतीतल्या खिडकीला तेवढं पुरतं. बे विंडोला पुरत नाही.

आधी कोपरे बघा. तीन खिडक्यांच्या मध्ये विटांचे जाड खांब असतील आणि प्रत्येक खिडकीला स्वतःची खोबण असेल, तर तुमचं काम सोपं आहे. त्या तीन वेगळ्या खिडक्या समजा. प्रत्येकीची रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजा आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरा. दोन्ही कर्णही मोजा. त्यांच्यात 6 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर चौकट काटकोनात नाही, हे मिस्त्रींना आधी सांगून ठेवा.

पण खिडक्या कोपऱ्यात एकमेकींना भिडल्या असतील आणि खाली एकच सलग ग्रॅनाइटचा कट्टा तिन्ही बाजूंनी फिरत असेल, तर पुढचं नीट वाचा. शटर काचेला चिकटून उभी राहत नाहीत, खोलीच्या बाजूला थोडी आत उभी राहतात. आणि बे विंडोत जितकं आत याल तितकी रुंदी कमी होत जाते. कोपरे 135 अंशांचे असतील (बऱ्याच तिरक्या बे विंडोंचे असतात) आणि शटर खिडकीपासून 10 सेमी आत येणार असतील, तर मधल्या खिडकीची रुंदी 8 सेमीहून थोडी जास्तच घटते, दोन्ही कोपऱ्यांत चार-चार सेमी. पेटीसारखी काटकोनी बे विंडो असेल तर तेच 20 सेमी होतात. म्हणजे खिडकीचं माप मिलिमीटरपर्यंत अचूक घेतलंत तरी शटर कोपऱ्यात एकमेकांवर चढणारच.

म्हणून माप खिडकीचं घ्यायचं नाही, शटर ज्या रेषेवर उभी राहणार त्या रेषेचं घ्यायचं. ती रेषा कुठे येईल हे पट्टीच्या रुंदीवर आणि खिडकीतून आत काय डोकावतंय यावर ठरतं. पट्टी 89 मिमीची आणि पॅनल (शटरचा पल्ला) 28 मिमी जाड असेल, तर पट्टी आडवी उघडल्यावर दोन्ही अंगांना साधारण 30 मिमी बाहेर येते. 64 मिमीच्या पट्टीला 18 मिमी पुरतात. आता खिडकीपाशी जाऊन बघा: स्लायडिंगचं हँडल किती पुढे आलंय, जाळीचा पल्ला आत उघडतो का, कडीकोयंडा कुठे आहे. जे सगळ्यात पुढे आलंय तिथून पट्टीची जागा सोडा, शिवाय आणखी बोटभर मोकळीक ठेवा आणि कट्ट्यावर खडूने तिन्ही बाजूंना समांतर रेषा मारा. जाळीचा पल्ला आतच उघडत असेल तर शटरचा विचार थांबवा आणि आधी जाळी सरकती करून घ्या. नाहीतर रोज संध्याकाळी डासांच्या वेळेला शटर उघड, जाळी लाव, शटर बंद कर, हा खेळ होतो.

आता कोन. यासाठी विकतचं यंत्र लागत नाही. खडूच्या दोन रेषा जिथे मिळतात तिथून दोन्ही रेषांवर 30-30 सेमीवर खूण करा आणि त्या दोन खुणांमधलं सरळ अंतर मोजा. 55.4 सेमी आलं तर कोन 135 अंशांचा, 58 च्या जवळ आलं तर 150 चा, 42.4 आलं तर काटकोन. 135 च्या आसपास दर अंशाला हे अंतर 2 मिमीने बदलतं, म्हणून टेप ताणून धरा. गिलाव्याचा कोपरा गोल झालेला असतो, तो धरून मोजू नका. दोन्ही कोपरे वेगवेगळे मोजा. ते सारखे असतील असं गृहीत धरू नका, जुन्या बांधकामात तर मुळीच नको. दोन अंशांची चूक कागदावर काहीच वाटत नाही, पण 60 सेमीच्या बाजूच्या पॅनलचं टोक तेवढ्याने 2 सेमी सरकतं.

आकडेमोड नको असेल तर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कट्ट्यावर पसरा, कडेने कापा, त्यावर खडूची रेषा उतरवा आणि तो पुठ्ठाच मिस्त्रींना द्या. मला स्वतःला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. फक्त पुठ्ठ्यावर "खोलीची बाजू" आणि "वरची बाजू" असं लिहा, नाहीतर तो उलटा धरला जातो आणि डाव्याचं उजवं होतं. डावं-उजवं नेहमी खोलीत उभं राहून बघताना जे दिसतं ते.

उंचीची गंमत वेगळी आहे. तिन्ही बाजूंच्या उंच्या दोन-चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) इकडेतिकडे असतातच. प्रत्येक बाजूला तिच्या मापाचं पॅनल केलं, तर पट्ट्यांच्या आडव्या ओळी कोपऱ्यात तुटतात, आणि सोफ्यावर बसलेल्या पाहुण्याला नेमकं तेच दिसतं. पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं), तिन्ही बाजूंना एकाच पातळीवर पेन्सिलची रेघ मारा आणि तिथून वर-खाली मोजा. तिन्हींत जी जागा सगळ्यात कमी आहे त्या उंचीचीच तिन्ही पॅनलं करायची, उरलेली फट वर पट्टीने झाकायची. खिडकीला मध्ये आडवा दांडा असेल तर त्याची पातळी त्याच रेघेपासून मोजून द्या, म्हणजे शटरचा मधला दांडा त्याच्या समोर येईल.

उघडण्याची बाजूही मापाबरोबर ठरते. बाजूच्या शटरांची बिजागरी भिंतीकडे घ्या. कोपऱ्याच्या एकाच खांबावर दोन्हींच्या बिजागऱ्या आल्या तर एक उघडताना दुसरं आडवं येतं. उघडलेलं पॅनल जिथे येईल तिथे स्विचबोर्ड किंवा पेल्मेट (पडद्याचा रॉड झाकणारी पेटी) नाही ना, तेही बघा. दोन फुटांपेक्षा रुंद पॅनल मी तरी करू देत नाही, वजनाने बिजागऱ्या खाली बसतात.

मिस्त्रींचं माप फूट-इंच-सुतात, तयार शटर विकणाऱ्यांचं मिलिमीटरमध्ये. दोघांकडून भाव घेणार असाल तर दोन वेगळे कागद करा. एक सूत म्हणजे 3 मिमीपेक्षा थोडं जास्त, "साधारण तेवढंच" म्हणून बदलत गेलात की चार ठिकाणी मिळून बोटभर फरक पडतो. कागदावर ठळक लिहा की हे जागेचं माप आहे. मोकळीक तुम्ही स्वतः कापू नका. तुम्ही एक सूत कापणार, मिस्त्री आणखी एक कापणार, आणि शटर खुळखुळत बसणार.

शेवटी तुम्ही विचारलंय की पाऊस चालू असताना माप घेतलं तर चालेल का. चालेल. गिलावा, पुट्टी आणि ग्रॅनाइट झालेलं असलं म्हणजे बास. प्रश्न लाकडाचा आहे. एप्रिल-मेमध्ये तासलेलं कोरडं लाकूड आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात फुगतं, सागवान कमी आणि बाकीचं जास्त. त्यामुळे उन्हाळ्यात केलेल्या शटरला मोकळीक थोडी सढळ हवी, आणि पावसाळ्यात केलेली शटर मार्चमध्ये थोडी सैल वाटणार हे धरून चाला. तुमची खिडकी पश्चिमेला असेल तर स्लायडिंगच्या ट्रॅकमधून पाणी कट्ट्यावर येतं का, हे एका जोरदार सरीत बघून घ्या. येत असेल तर खालची चौकट ग्रॅनाइटला टेकवू नका, दोन सूत वर ठेवा आणि उंचीच्या कागदावर तसं लिहा.