वाचकांचे प्रश्न : चिंगी माझ्यावर झडप घालते आणि घरातले हसतात

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वय २९ वर्षे असून सात महिन्यांपूर्वी लग्न होऊन मी जुळे सोलापुरात राहायला आले. माझ्या पतींची चिंगी नावाची सहा वर्षांची मांजरी आहे. डोळेही उघडले नव्हते तेव्हा ती त्यांना अशोक चौकाजवळच्या एका बंद कारखान्याच्या आवारात एकटीच सापडली आणि त्यांनी ड्रॉपरने दूध पाजून तिला वाढवले. त्यांच्या मांडीवर ती तासन्‌तास झोपते. मी मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आले की ती दबा धरून माझ्या पायांवर झडप घालते. संध्याकाळी सातच्या सुमारास वाळलेले कपडे काढायला मी गॅलरीत जाते, तेव्हा ती दाराशी बसून खाली टक लावून पाहत असते. तेथेच तिने दोन वेळा माझ्या पोटरीला रक्त येईपर्यंत चावा घेतला. दुसरा चावा गेल्या मंगळवारचा आहे. सासूबाईंनी हळद आणि चुना लावला. मांजरी घरातलीच म्हणून मी दवाखान्यात गेले नाही. पती म्हणतात, ‘तू घाबरतेस म्हणून ती तसे करते.’ नणंद तिला माझी सवत म्हणते आणि सगळे हसतात. माहेरचे लोक सांगतात, पोत्यात घालून लांब सोडून द्या. आम्ही आता मुलाचा विचार करत आहोत, त्यामुळे काळजी अधिकच वाटते. ‘मांजर किंवा मी’ असे पतींना विचारण्याची वेळ आली आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी चाव्याबद्दल मी तुम्हाला वेगळे कळवले होते, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. इतर वाचकांसाठी ती येथे पुन्हा लिहिते. मांजरीचे सुळे सुईसारखे बारीक असतात. त्वचेवर दोन टिंबे तेवढी दिसतात, ती चटकन मिटतात आणि तोंडातले जंतू आत खोलवर कोंडले जातात. पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. म्हणून चावा बसताच ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते हे मला ठाऊक आहे. साठवलेल्या पाण्याची धार तांब्याने धरली तरी चालते, पण वेळेत काटकसर करू नये. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. त्याच दिवशी सिव्हिलमध्ये किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत ही लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते; रक्त येईल असा चावा असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. चावल्यानंतर १० दिवस मांजरी ठणठणीत राहिली तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतात, पण त्या १० दिवसांची वाट पाहत पहिले इंजेक्शन लांबवायचे नसते. चिंगीची स्वतःची रेबीजची लस केव्हा झाली आहे, तेही पतींना विचारा. पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. तुम्ही घाबरता म्हणून ती चावते, हे म्हणणे मला मान्य नाही. दोन वेळा रक्त आल्यावर जो माणूस घाबरणार नाही, त्याची मला अधिक काळजी वाटेल. ज्या घरात आपण नव्याने रुजू पाहतो आहोत, तेथे पायाकडे पाहत चालावे लागणे आणि त्यावर हसणे ऐकावे लागणे हे दुःख लहान नाही. हे उत्तर तुम्ही पतींना वाचायला द्यावे अशी माझी इच्छा आहे, कारण यातले निम्म्याहून अधिक काम त्यांचे आहे.

चिंगी तुमची सवत नाही आणि तिने तुमच्यावर डूखही धरलेला नाही. मांजराचे घर प्रामुख्याने वासाचे असते. ते गाल घासून दाराच्या चौकटींवर, पलंगाच्या पायांवर स्वतःचा वास लावून ठेवते, आणि त्या ओळखीच्या वासात सात महिन्यांपूर्वी नवे माणूस, नवे कपाट, नवे गाठोडे आले. त्यात चिंगीला आई आणि भावंडे लाभली नाहीत. एका वेताची पिल्ले एकमेकांशी झटापट करतात, तेव्हा जोरात चावले की समोरचे ओरडते आणि खेळ मोडतो. दात किती रोवायचे हे पिल्लू असे शिकते. माणसाच्या हातांवर एकट्याने वाढलेल्या पिल्लाचे हे शिक्षण बहुधा राहून जाते, आणि त्याला हाताने झुंजवत खेळवले असेल तर हात-पाय ही शिकार आहे असेच ते धरून चालते. स्वयंपाकघराच्या दाराशी होणारी झडप मला या प्रकारातली वाटते.

गॅलरीतले चावे वेगळे आहेत, आणि तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. ती खाली टक लावून पाहत असते, असे तुम्ही लिहिले आहे. त्या वेळी खाली कंपाउंडच्या भिंतीवर एखादा बोका येतो का, हे दोन-तीन संध्याकाळी आतून पाहा. दिवस मावळताना मांजरे अधिक हिंडतात. परका बोका दिसतो, त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही, अंगात चढलेला राग उतरायला जागा नसते, आणि त्याच क्षणी जवळून ज्याचे पाऊल पडते त्याच्यावर तो निघतो. असा राग कित्येकदा तासाभराने, काही वेळा त्याहूनही उशिरा ओसरतो, म्हणून त्या वेळी तिला उचलणे, समजावणे किंवा रागावणे यांपैकी काहीच करू नये. शेपटी जमिनीवर आपटणे, कान मागे चपटे होणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, पाठीची कातडी थरथरणे, यांपैकी एकही खूण दिसली की तेथून हळूच बाजूला व्हावे. ती चालून आलीच तर पळू नये आणि हातही पुढे करू नये. दोघांमध्ये उशी किंवा आपली जाड सोलापुरी चादर दुहेरी करून धरावी आणि मागे सरत दार लावून घ्यावे.

घरातले उपाय सुरू करण्याआधी पशुवैद्याकडून तिची नीट तपासणी करून घ्या. किडलेला दात, सुजलेली हिरडी किंवा दुखरा सांधा मांजर शेवटपर्यंत लपवते आणि ते दुखणे केवळ चिडचिडीतून बाहेर पडते. नसबंदी झाली नसेल तर तिचाही विचार करावा. येथे एक गोष्ट बजावून सांगते, की आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीही देऊ नये. ती मांजराचा जीव घेते.

घरात करायचे ते असे. गॅलरीच्या दाराच्या खालच्या काचांना आरपार न दिसणारा दुधी कागद चिकटवा आणि कपडे काढायच्या वेळी पतींनी तिला आतल्या खोलीत ठेवावे. खोलीत उंचावर, कपाटाच्या माथ्यावर तिच्यासाठी एक जागा मोकळी करा, म्हणजे तिला तुमच्या वाटेत बसावे लागणार नाही. उन्हाळ्यात शहाबादी फरशीच्या गारव्याला ती बोळात पसरलेली असेल तर तिला ओलांडून जाऊ नका. पतींनी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास १०-१५ मिनिटे काठीला चिंधी बांधून तिला दमेपर्यंत खेळवावे, हात मात्र खेळात आणू नये, आणि लगेच जेवण द्यावे. खेळ संपताच ती काठी कपाटात ठेवावी, कारण सूत किंवा दोरा गिळला गेला तर तो आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची पाळी येते. आपल्या शहरात सूत घरोघरी असते, त्यामुळे हे मुद्दाम लिहिले.

तुमच्या वाट्याचे काम थोडे आहे. एक मऊ फडके पतींनी तिच्या गालांवरून फिरवावे आणि तुमच्या बसण्याच्या जागी ठेवावे. तुमची वापरलेली ओढणी तिच्या अंथरुणाशी असू द्या. संध्याकाळच्या जेवणाची वाटी तुम्ही ठेवा आणि दूर जाऊन बसा. तिच्याकडे रोखून पाहू नका. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. हात लावण्याची घाई नको, ती आपण होऊन तुमच्या पायाला गाल घासेपर्यंत थांबा. तिच्यावर पाणी मारणे किंवा तिला चापटी देणे कोणीही सुचवले तरी करू नका, त्याने तुमच्याबद्दलची तिची धास्ती पक्की होईल.

बाळाचा विचार असल्याने वाळूची पेटी आजपासूनच पतींकडे द्या आणि ती रोज साफ होऊ द्या. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण होऊ शकते, पण विष्ठा बाहेर पडल्यावर तो संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई फार उपयोगी पडते. हा परजीवी कच्च्या मांसातून आणि माती लागलेल्या भाज्यांतूनही येतो, त्यामुळे केवळ चिंगीला दोष देऊन भागणार नाही.

पोत्यात घालून सोडण्याचा सल्ला मात्र मनातून काढून टाका. घरात वाढलेली मांजरी रस्त्यावर उपाशी मरते, आणि पाळीव प्राण्याला असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

‘मांजर किंवा मी’ हा प्रश्न आज विचारू नका. त्याऐवजी पतींना सांगा, की मला माझ्या घरात चालायची भीती वाटते आणि पुढचे तीन महिने याकडे तुम्ही माझ्याबरोबर लक्ष द्यायला हवे. सहा वर्षांपूर्वी ज्या माणसाने रात्री उठून ड्रॉपरने दूध पाजले, त्याला दुसऱ्याचे दुखणे कळत नसेल असे मला वाटत नाही. चावताना त्याने कधी पाहिले नसावे, इतकेच. पोटरीवरचे व्रण त्यांना दिव्याच्या उजेडात एकदा दाखवा. तीन महिने मनापासून करूनही चावे थांबले नाहीत, तर लहान मूल नसलेले आणि तिचा स्वभाव पूर्णपणे सांगितल्यावरही तिला घेणारे घर पतींनीच शोधावे, आणि तोवर तिला वेगळ्या खोलीत ठेवावे.