गंजलेले मायक्रोमीटर, स्लिप गेज, हार्डनेस टेस्टर: काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं

बंद पडलेल्या मशीनशॉपमधून तुमच्याकडे आलेला माल असा: मायक्रोमीटर, डायल गेज, स्लिप गेजचा (ठराविक अचूक मापाच्या ठोकळ्यांचा) अर्धा सेट, बिडाची सरफेस प्लेट (सपाटपणा तपासायची प्लेट) आणि धातूचा कठीणपणा मोजणारा रॉकवेल टेस्टर. सगळंच गंजलेलं. आधी एक विनंती, पॉलिश पेपर लावू नका. रॉकेल आणि मऊ कापडाने पुसा आणि मोजणारे फेस, म्हणजे माप घेताना टेकणारे पृष्ठभाग, दहापट भिंगाने बघा. गंज फ्रेमवर असेल तर मापाचं काही बिघडत नाही. फेसवर खड्डे असतील तर गोष्ट वेगळी. सायट्रिक अॅसिड व्हाइसला, क्लॅम्पला चालेल. गेजला नको, ते लॅप केलेला, म्हणजे बारीक घासून सपाट केलेला, फेस खातं.

मायक्रोमीटरचा स्पिंडल (पुढेमागे सरकणारा दांडा) पूर्ण बाहेर काढा, आटे पेट्रोल आणि नायलॉन ब्रशने धुवा, स्पिंडल ऑइलचा एक थेंब द्या. फिरवताना मधेच जड लागला तर आटे गंजाने खाल्लेत, तो भंगारात. हलका फिरला तर चांगल्या स्लिपवर 5.1, 10.3, 15.0, 20.2 मिमी अशी मापं तपासा. नुसत्या 5, 10, 15 वर तपासलं तर थिंबल (फिरवायचा, आकडे असलेला भाग) दर वेळी शून्यावरच थांबतो, कारण एका फेऱ्यात तो 0.5 मिमी सरकतो. फेऱ्याच्या आतली चूक मग दिसतच नाही. बेअरिंगची छोटी गोळी फेसच्या मध्ये आणि चारही कडांना धरून वाचन घ्या. फरक दिसला तर फेस झिजलेत किंवा एकमेकांना समांतर नाहीत.

डायलच्या प्लंजरला (आतबाहेर होणाऱ्या दांडीला) तेल देऊ नका, धूळ धरून तो अडकतो. धुऊन, सुकवूनही अडकत असेल तर सोडून द्या.

स्लिप गेजबद्दल मन घट्ट करा. शून्य ग्रेडच्या 10 मिमी स्लिपला मुभा फक्त ±0.12 मायक्रॉनची असते. फेसवर गंज धरला की ती मापक म्हणून संपली. शिवाय खड्ड्याच्या कडेचा उंचवटा शेजारच्या चांगल्या स्लिपला ओरखडतो, म्हणून खराब तुकडे लगेच वेगळे काढा. मशीनवर जॉब टेकवायला ते उपयोगी पडतात.

सरफेस प्लेट मात्र देऊ नका. जुनं बीड वर्षानुवर्षं स्थिरावलेलं असतं, ते पुन्हा स्क्रेप करून (हाताने खरवडून) सपाट करता येतं. ऑइल स्टोन सपाट धरून फक्त वर आलेला गंज काढा, मग चांगल्या प्लेटवर ब्लू (निळा रंग) लावून दोन्ही टेकवा आणि उमटलेले ठिपके बघा. ग्राइंडर लावला तर खोलगट भाग पडतील.

सगळ्यात जपायचा तो रॉकवेल टेस्टर. हलवण्याआधी वजनं उतरवा. लिव्हर ज्यांवर टेकून हलतो त्या धारांवर गंज असेल तर घर्षणामुळे 150 किलोचा पूर्ण भार खूण उमटवणाऱ्या डायमंडपर्यंत पोचत नाही. खूण उथळ उमटते आणि एचआरसी (कठीणपणाचा आकडा) जास्त दिसतो. डायमंडचं टोक बोथट झालं तरी चूक याच दिशेने होते, म्हणजे मऊ राहिलेला जॉब पास होऊन बाहेर जातो. दाखलेवाला टेस्ट ब्लॉक (ठाऊक कठीणपणाचा तुकडा) घ्या, त्यावर पाच खुणा करून सरासरी काढा. ब्लॉकची उलटी बाजू वापरू नका. आकडा ब्लॉकच्या मर्यादेबाहेर गेला तर आधी डायमंड बदला, मग धारा आणि डॅशपॉटचं (भार हळू सोडणाऱ्या तेलाच्या नळीचं) तेल बघा. फ्रेम आणि स्क्रू शाबूत असतील तर दुरुस्ती परवडते.

गिऱ्हाइकाला रिपोर्ट द्यायचा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्या, पण ही छाननी झाल्यावरच. नाहीतर भंगारात जायच्या वस्तूचीही फी भराल. मालात पाऱ्याचा मॅनोमीटर किंवा थर्मामीटर निघाला तर तो भंगारवाल्याला देऊ नका, धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्या.