कुत्रा, चकोर आणि उभा चढ: तुमचे प्रश्न

प्रश्न: अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉयझीला नोकरीसाठी आलोय, एच-वन-बीवर आहे. सह्याद्रीत भरपूर भटकलोय. चकोराच्या शिकारीला सुरुवात करायचीय, बंदूक कुठली घेऊ?

बंदूक सगळ्यात शेवटी हो, आधी कागद बघा. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार बंदूक बाळगताच येत नाही, पण राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, आणि लायसन्स संपलं की ती सूटही गेली. म्हणून तारखा सांभाळा आणि विकत घ्यायच्या आधी वकिलाशी एकदा बोलून घ्या. आयडाहोत १ जानेवारी १९७५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्सआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो मनापासून करा.

सह्याद्रीची सवय कामाला येईल, पण इथे पायवाट नसते. घसारा, सुटे दगड आणि दिवसभर उतारावर आडवं चालणं. त्यामुळे घोट्याला पकडणारे बूट हवेत आणि बंदूक हलकी, २० गेजची तीन किलोच्या आतली दुनळी मला सगळ्यात सोयीची वाटते. चढताना ती मोडून, म्हणजे उघडी ठेवून चाला, घसाऱ्यावर पाय कधीही सटकतो.

प्रश्न: आमच्याकडे लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर आहे, चार वर्षांचा. त्याच्यावर भागेल का पॉइंटरच पाहिजे?

लॅबवर शिकार होते, पण एका अटीवर, तो तुमच्यापासून २५-३० यार्डांच्या आत राहायला हवा. लॅब वास आला की थेट घुसतो आणि पक्षी उठवतो, तो शंभर यार्ड पुढे असेल तर थवा उडाला आणि तुम्ही बघत राहिलात. त्याचा खरा उपयोग नंतरचा, पंखाला लागलेला चकोर खाली पडून जो पळत सुटतो तो दगडांच्या फटीत शिरतो, तुम्हाला जन्मात सापडणार नाही, लॅब शोधून आणतो. जखमी पक्षी डोंगरावर सोडून येणं मला अजिबात मान्य नाही, त्यामुळे कुत्र्याशिवाय जाऊच नका असं मी प्रत्येकाला सांगतो.

पण पुढचा कुत्रा घ्यायचा असेल तर पॉइंट करणारा घ्या, म्हणजे वास आला की पक्षी न उठवता त्याच्याकडे तोंड करून जागीच स्तब्ध उभा राहणारा. इंग्लिश पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर, यातला कुठलाही चालेल, जातीपेक्षा स्वभाव बघा. या मुलखात कुत्रा तीनशे यार्ड वर धारेवर जाऊन थांबतो, तुम्ही दरीच्या या बाजूला, तिथे पोचायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, आणि तेवढा वेळ त्यानं हलायचं नाही, सरकत सरकत पुढे जायचं नाही. सगळं ट्रेनिंग या एका गोष्टीसाठी आहे. आणि तो तिथं थांबलाय तर तुम्ही पोचलंच पाहिजे, दम लागला म्हणून खालीच बसून राहिलात तर कुत्रा काय शिकणार? जीपीएस कॉलर मात्र घ्याच, धारेपलीकडे पॉइंटवर स्तब्ध उभा असलेला कुत्रा ना दिसतो ना ऐकू येतो.

पिल्लू असेल तर घाई नको. हाडं पक्की व्हायच्या आत, म्हणजे निदान वर्ष-दीड वर्षापर्यंत, त्याला खडकाळ चढावर दिवसभर पळवू नका.

प्रश्न: स्नेक नदीवरच्या ब्राउनली धरणाच्या बाजूला दोनदा गेलो. आवाज येतो, पक्षी दिसतातही, पण आम्ही चढतो तसे ते वर पळतात. काय चुकतंय?

खालून जाताय. चकोर चढावर पळतो आणि उताराकडे उडतो, हे डोक्यात बसवा, बाकी सगळं त्यातून येतं. त्याच्या मागे खालून चढणं म्हणजे त्याला हवी तशी शर्यत देणं. एखाद्या सोंडेवरून, पक्ष्यांपासून लांबून, आधी उंची गाठा आणि मग तीच उंची धरून डोंगराला आडवे जा. दिवसाची मोठी चढण एकदाच, सकाळीच. ऊन तापलं की वारा दरीतून वर यायला लागतो आणि खालच्या पक्ष्यांचा वास वर असलेल्या कुत्र्याच्या नाकात आपसूक येतो, तेव्हा वरून केलेलं काम दुप्पट फळतं.

कुत्रा पॉइंटवर असेल तर त्याच्या पाठीमागून जाऊ नका. वळसा घालून वरच्या अंगानं या, म्हणजे चकोर तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये सापडतो, पळायला जागा राहत नाही. बोलू नका, गाडीचं दार आपटू नका. थवा उठल्यावर बहुतेक पक्षी खाली जाऊन डोंगराच्या कडेनं वळतात, कुठे बसले ते नीट बघून ठेवा. फुटलेले एकेकटे पक्षी जास्त घट्ट बसतात, कुत्र्याला खरं काम तिथंच मिळतं. थोड्या वेळानं ते एकमेकांना हाका मारायला लागतात, त्या ऐका.

जागा शोधायची तर तीन गोष्टी एकत्र बघा, खडक, चीटग्रास आणि पाणी. चीटग्रास हे बाहेरून आलेलं गवत, त्यानं वणवे वाढले आणि सेजब्रश या इथल्या मूळच्या झुडपाची वाट लावली, पण चकोर त्याचे कोवळे कोंब आणि बी दोन्ही खातो. सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत थवे पाण्याजवळ सापडतात, पाऊस पडला की सगळीकडे पांगतात, आणि बर्फ पडलं की दक्षिणेकडच्या उतारावर, जिथे ते आधी वितळतं.

प्रश्न: कुत्र्यासाठी सोबत काय न्यायचं?

पाणी. दोन-तीन लिटर फक्त त्याचं, वर झरा मिळेल या भरवशावर जाऊ नका. सप्टेंबरात ऊन चढायच्या आत खाली या, कारण कामाचा वेडा कुत्रा स्वतःहून थांबत नाही. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, पावलं डगमगली की त्याच क्षणी सावली आणि पाणी, शिकार तिथंच संपली. जायच्या आधी पोटभर खायला घालू नका, मुख्य जेवण रात्री.

सीझनआधी महिनाभर खडीवर चालवा, पंजे घट्ट होतात, तरी बूट पिशवीत ठेवा. घरी आल्यावर कान, डोळे, बोटांच्या बेचक्या, काखा तपासा, चीटग्रासचं कुसळ आत शिरलं की पुढेच सरकत जातं. कुत्रा सारखं डोकं झटकतोय तर उद्यावर ढकलू नका, व्हेटकडे न्या. सुरुवातीच्या आठवड्यांत रॅटलस्नेक असतात, त्यांना टाळायला शिकवणारे क्लास भरतात, ते जरूर करा. रानात प्राण्यांसाठी लावलेल्या फाशात कुत्रा अडकला तर तो कसा उघडायचा हेही घरी शिकून जा.

प्रश्न: इतके जवळून उठतात तरी चुकतात.

पक्षी उठतो तसा खाली पडत जातो आणि छर्रे त्याच्या वरून जातात. नळी पक्ष्याच्या खाली ठेवा. आणि थव्यावर मारू नका, एक निवडा.

प्रश्न: पुण्यात राहतो. लडाखमध्ये चकोर खूप दिसले. तिथे शिकार करता येईल?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात त्याची शिकार गुन्हा आहे, आणि तो तिथला मूळचा पक्षी आहे. अमेरिकेतला चकोर माणसानं नेलेला, १८९३ मध्ये कराचीहून काही जोड्या गेल्या, नंतरच्या दशकांत बरेच सोडले गेले आणि नेवाडात १९४७ मध्ये पहिला सीझन उघडला. लडाखला जाल तेव्हा दुर्बीण न्या, सकाळी हेमिसच्या बाजूच्या उतारांवर आवाज ऐका, आणि पाळलेला कुत्रा सोबत असेल तर त्याला पट्टा लावूनच ठेवा.