जुन्या, वेगळ्या फ्रेमच्या माउंटन बाइक : टांगून ठेवायच्या की चालवायच्या?

तुम्ही विचारलंय की १९८० आणि ९०च्या दशकांतल्या चित्रविचित्र फ्रेमच्या माउंटन बाइक नुसत्या भिंतीवर शोभतात की खरंच चालवता येतात, आणि सुरुवात करायची तर कुठल्या बाइकपासून. मी त्या जमवतो आणि चालवतोही. चालवाच, असं मी म्हणेन. फक्त बाइक घेण्याआधी एक गोष्ट शोधून काढा : तो आकार कुठल्या अडचणीवरचा तोडगा होता? ते कळलं की फ्रेम कुठे तपासायची, कशी चालवायची आणि तिच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची नाही, हे बरंचसं उलगडतं.

मला सगळ्यात जास्त आवडतात त्या चेनस्टे वर उचललेल्या फ्रेम. मॅन्टिस एक्ससीआर, निशिकी एलियन, येती अल्टिमेट, हारो एक्स्ट्रीम, अल्पाइनस्टार्सच्या काही बाइक. यातल्या मॅन्टिस आणि एलियन या दोन्ही रिचर्ड कनिंगहॅम यांनी आखलेल्या. नेहमीच्या सायकलला पेडलच्या दांड्यापासून (दोन्ही पेडल जोडणारा आस फ्रेममध्ये जिथे बसतो तिथून) मागच्या चाकाकडे जाणारी आडवी नळी, म्हणजेच चेनस्टे, चेनच्या मधून जाते. इथे ती चेनच्या वरून, सीटच्या नळीपासून निघते. कारण असं की त्या काळी चिखलात चेन हमखास अडकायची. लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात झिजले किंवा मातीने भरले की ते खालच्या बाजूला चेन सोडतच नाहीत, वर ओढून नेतात, आणि चेन चेनरिंग आणि नळी यांच्या फटीत घट्ट रुतून बसते. ऐन चढावर पाय जागच्या जागी थांबतात. नळीच तिथून हलवली की चेनला रुतायला जागा उरत नाही. शिवाय अशा बाइकची चेन न तोडता अख्खी काढता येते, धुवायला फार सोयीचं.

दुसरा फायदा चालवताना जाणवतो. पेडलच्या दांड्यामागे रुंद टायर, चेनरिंग आणि नळी अशी तिघांची दाटी असते. त्यातली नळी गेली की मागचं चाक पुढे सरकवता येतं. तुमचं वजन चाकाच्या जास्त वर येतं आणि सुट्या खडीच्या चढावर, जिथे इतर बाइकचं चाक जागेवर फिरतं, तिथे ही पकड धरून चढते. पुढचं चाक मात्र उचलू लागतं, म्हणून छाती हँडलकडे झुकवून ठेवावी लागते.

मग हा आकार टिकला का नाही? कारण पेडलच्या दांड्याला मागून धरणारी नळीच राहिली नाही. उभं राहून जोर लावला की तो भाग डावीकडे-उजवीकडे झुलतो, चेनरिंगकडे वरून पाहिलं तर डोळ्यांना दिसतो. ते झुलणं थांबवायला नळ्या जाड केल्या की वजन वाढलं. दरम्यान चेनरिंग सुधारल्या, नळीशेजारी बसवायच्या छोट्या धातूच्या पट्ट्या आल्या, आणि तोच प्रश्न फार कमी खटाटोपात सुटला. म्हणून अशी फ्रेम घेताना उचललेली नळी सीटच्या नळीला जिथे जोडली आहे तिथलं वेल्डिंग आणि पेडलच्या दांड्याभोवतीचा भाग आधी बघा. बॅटरीचा उजेड तिरका टाका आणि नख हळूच आडवं फिरवा. नुसता रंग तडकला असेल तर रेघ वेडीवाकडी जाते. वेल्डिंगच्या कडेने सरळ जाणारी, नख अडकवणारी रेघ, आणि पोलादी फ्रेमवर त्यात गंजाची बारीक धार, म्हणजे तडा. ती बाइक टांगायलाच घ्यायची.

इतके आकार त्याच काळात का निघाले, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. जो ब्रीझ यांनी १९७७मध्ये खास डोंगरउतारासाठी पहिली ब्रीझर बांधली, तिलाच दोन्ही बाजूंनी मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या जादा बारीक नळ्या होत्या. १९८१मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आल्यावर ही सायकल कारखान्यात बनू लागली, पण तिचा ‘बरोबर’ आकार कोणता हे पुढची पंधरा-वीस वर्षं ठरलेलंच नव्हतं.

स्लिंगशॉट घ्या. मार्क ग्रोएंडल यांच्या या फ्रेमला खालची तिरकी नळीच नाही, तिच्या जागी स्प्रिंग लावलेली तारेची केबल आहे. पहिल्यांदा बघणारा बसायला घाबरतो. पण विचार करा : आपण सायकलवर बसलो की त्या नळीवर मुख्यतः ताण येतो, आणि ताण घ्यायला केबल पुरते. पुढचं चाक दगडाला धडकलं की तिथे उलट दाब येतो. नळी तो दाब सरळ हातांपर्यंत पोचवते. केबल क्षणभर सैल पडते आणि वरच्या नळीत बसवलेली फायबरग्लासची पट्टी वाकून धक्का गिळते. मला हा विचार फार देखणा वाटतो. घेताना ती पट्टी आणि केबलची टोकं तपासा.

१९९५च्या सुमाराच्या ट्रेक वाय मालिकेसारख्या बाइकमध्ये पेडलचा दांडा आणि मागचं चाक एकाच हलत्या त्रिकोणावर असतात. त्यामुळे चेनच्या ओढीचा सस्पेन्शनवर परिणाम होत नाही, बसून पेडल मारताना सुख आहे. पण उभं राहिलात की तुमचं वजन थेट त्या हलत्या भागावर जातं आणि सस्पेन्शन आखडतं. उतारावर आपण उभेच असतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ते कमी चालतं. लांब, खडबडीत सपाटीवर न्या, मजा येईल.

क्लाइन कंपनीच्या जाड अॅल्युमिनियम नळ्यांच्या बाइक आणि त्यांचे रंग बघून मोह आवरत नाही. मात्र काही मॉडेलमध्ये हँडल आणि स्टेम (हँडलला धरणारा तुकडा) एकसंध, बेअरिंग खास त्यांचीच. हे भाग बाइकबरोबर मिळत नसतील तर घेऊ नका.

चालवण्याबद्दल एका गोष्टीवर मी अडून बसतो : जुन्या फ्रेमला नवा उंच फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग) लावू नका. साध्या, न दबणाऱ्या फोर्कसाठी बनवलेल्या फ्रेमला १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा फोर्क लावला की पुढचा भाग सात-आठ सेंटीमीटर वर जातो. स्टीअरिंग सैलावतं, आणि पुढच्या जोडावर कधी विचारातच न घेतलेला जोर येतो. मूळ फोर्कमध्ये इलॅस्टोमर (धक्के शोषणारे रबरासारखे तुकडे) असतील तर ते बहुधा दगडासारखे कडक किंवा चिकट झालेले असतील, बदलून घ्या. कॅन्टिलिव्हर ब्रेकला (त्या काळच्या, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकला) नवे पॅड घाला, फरक लगेच कळेल. व्ही-ब्रेक (त्यानंतर आलेले, लांब हातांचे रिम ब्रेक) बसवायचेच असतील तर लिव्हरही त्याच जातीचे घ्या, कारण जुने लिव्हर पुरेशी केबल ओढत नाहीत. आणि सीटपोस्ट (सीटखालची दांडी) फ्रेममध्ये हलतो का हे बाइक घेण्याआधी बघा. पोलादी नळीत अॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं राहिला की तो गंजून जाम होतो.

पहिली बाइक म्हणून मी जीटी कंपनीची तिहेरी त्रिकोणाची फ्रेम सुचवेन, तिचं झास्कर मॉडेल मिळालं तर उत्तमच. मागच्या बारीक नळ्या सीटच्या नळीला ओलांडून वरच्या नळीला जोडलेल्या असतात, म्हणून लांबूनही ओळखू येते. त्या त्रिकोणाने चालण्यात फार फरक पडतो असं मला वाटत नाही, पण फ्रेम दणकट आहे आणि बहुतेक सुटे भाग नेहमीच्या मापाचे बसतात. तिच्यावर एक मोसम काढा, मग पोलादी निशिकी एलियन शोधायला लागा. फोटो पाठवलेत तर जोड बघून माझं मत कळवीन.