सांगलीचा पिनकोड ४१६४१६ ही संख्या गणिताच्या दृष्टीने वेगळी आहे का?

सांगली शहराचा ४१६४१६ हा पिनकोड निव्वळ पूर्णांक म्हणून पाहिला, तर तो बराच गमतीदार निघतो. पाकिटावर लिहिताना ४१६ हे आकडे दोनदा येतात आणि सारे मर्म तिथेच आहे. कारण तीन अंकी संख्या तिच्याच पुढे पुन्हा लिहिणे म्हणजे तिला १००१ ने गुणणे, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३ असल्यामुळे अशा प्रत्येक संख्येला या तिन्हींनी निःशेष भाग जातो. ४१६ मध्ये आणखी एक १३ दडलेला आहे (हा मात्र योगायोग), म्हणून मूळ अवयव २⁵ × ७ × ११ × १३² असे पडतात व एकूण विभाजक ७२ होतात. ही संख्या पूर्ण वर्ग नाही; परंतु तिला १५४ ने गुणल्यास नेमका ८००८ चा वर्ग, म्हणजे ६,४१,२८,०६४, मिळतो.