तुमचे प्रश्न: खांदा परत परत निखळतोय

प्रश्न: नमस्कार मॅडम, आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतोय. दोन वर्षांत त्याचा उजवा खांदा चार वेळा निखळला. पहिल्यांदा मॅचमध्ये, पण शेवटच्या वेळी तर बसमध्ये वरची दांडी धरून उभा होता आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला तेवढ्यानंच. दर वेळी गावातल्या हाड बसवणाऱ्याकडं नेतो, तो ओढून बसवतोय. आता बेळगावच्या डॉक्टरनी एमआरआय बघून दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय. आई म्हणते कोवळं वय आहे, कापाकापी नको, आपोआप घट्ट होईल. काय करावं? आणि ऑपरेशननंतर खेळायला मिळंल काय?

उत्तर: दादा, आईंची काळजी कळते, पण या दुखण्यात वयाचा हिशोब उलटा आहे. जितका पोरगा तरुण तितका खांदा परत निखळायची शक्यता जास्त. आणि नुसत्या दांडी धरण्यानं निखळला म्हणजे आतला आधार सुटलाय हे नक्की.

आत काय झालंय ते सांगते. खांद्याचा गोळा मोठा आणि तो बसतो ती खोबण लहान बशीसारखी उथळ, म्हणून बशीच्या काठाला नळाच्या वायसरसारखी एक जाड कड असते, तिला लॅब्रम म्हणतात, ती गोळ्याला धरून ठेवते. खांदा बहुतेक वेळा पुढंच निखळतो आणि त्या झटक्यात ही कड पुढून-खालून हाडापासून सुटते. रिपोर्टवर बँकार्ट लिहिलं असेल तर ते हेच, त्या नावाच्या इंग्रज सर्जननं १९२३ मध्ये यावर लिहिलं होतं. सुटलेली कड बऱ्याचदा परत जागेवर चिकटत नाही. वर दर वेळी निखळताना बशीचा काठ थोडा झिजतो आणि गोळ्याला मागून खोक पडते, म्हणून पाचव्या वेळेची वाट बघू नका.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये दोन-तीन लहान छिद्रांतून खोबणीच्या काठात दोरा लावलेले बारीक अँकर बसवतात आणि सुटलेली कड ओढून परत हाडाला बांधतात. पण काठाचं हाड साधारण २० ते २५ टक्के झिजलं असेल तर नुसतं बांधून टिकत नाही, मग शेजारच्या हाडाचा तुकडा काढून स्क्रूनं काठावर बसवतात, त्याला लॅटर्जेट म्हणतात. चार वेळा निखळलाय म्हणून तुमच्या डॉक्टरना एवढं नक्की विचारा, हाड किती गेलंय, सीटी स्कॅन करायला पाहिजे काय?

आणि कृपा करून ते ओढून बसवणं आता बंद करा. आत हाड मोडलेलं असलं तर एक्स-रेशिवाय कळत नाही आणि तसंच ओढलं तर हाताची नस दुखावू शकते, मग हात उचलायलाच येत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट, ऑपरेशन झालेली माणसं माझ्याकडं येतात, आणि खरं सांगायचं तर बिघडतं ते नंतरच. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा चौथ्या आठवड्यात आला, दुखत नाही म्हणून हात गळ्यात अडकवायचा बेल्ट काढला होता आणि गोठ्यात म्हशीचं दावं ओढलं होतं, खांदा परत सैल. दुखायचं थांबतं दोन-तीन आठवड्यांत, कड हाडाला घट्ट धरायला तीन महिने लागतात, हे भावाला रोज सांगा.

बेल्ट तीन ते सहा आठवडे, सर्जन सांगतील तितका, झोपतानासुद्धा. बोटं, मनगट, कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. आंघोळीला जरा पुढं वाकून हात सैल सोडला की काख धुता येते, नाहीतर तिथं घामानं कातडी सोलते. दांडी धरतो तसा हात वर करून मागं न्यायचा नाही, ती पोझिशन सगळ्यात वाईट. मालिश करून कुणाला हात ओढू देऊ नका. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी, बाईक सर्जननी हो म्हटल्यावरच, आणि कबड्डी सहा महिन्यांनी, तेही दोन्ही हातांची ताकद जवळजवळ सारखी झाली तरच. खेळायला मिळंल दादा, बरेच जण परत मैदानात उतरतात, पण घाई केलेला परत टेबलावर जातो.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमधून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले योजना द्यायचा निर्णयही २०२३ मध्ये झालाय. तुमचं गाव त्यात आहे काय आणि हे ऑपरेशन बसतंय काय ते ॲडमिट व्हायच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर धावपळ नको.

प्रश्न: आई ६२ वर्षांची, निपाणीजवळ शेतात बांधावरून घसरली, खांदा निखळला, दवाखान्यात बसवला. तीन आठवडे झाले, दुखणं कमी आहे पण हात वर जातच नाही. फिजिओनं होईल काय?

उत्तर: ताई, थांबू नका. या वयात खांदा परत निखळायची भीती कमी, पण निखळताना खांदा उचलणारे स्नायूबंध, म्हणजे रोटेटर कफ, बऱ्याचदा फाटतात, आणि ते फार दिवस तसेच राहिले तर आखडून शिवायला अवघड जातात. आईंना झोपवून तुम्ही त्यांचा हात हळू वर न्या. तुम्ही नेल्यावर जातो पण त्यांना स्वतःला उचलत नाही, असं असेल तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडून सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. आणि दंडाच्या वरच्या भागावर बाहेरून कापूस फिरवून बघा, तिथं बधिर वाटत असेल तर नसेलाही मार असू शकतो, तेही त्यांना सांगा.